सांधा

पुलाच्या सतराव्या खांबामागे
पाणी सरळ वाहत नाही.
ओहोटी लागली की खांबाच्या एका कुशीतून भोवरा सुटतो,
मग दुसऱ्या कुशीतून दुसरा, उलट अंगाने फिरणारा,
आणि ही वरात खाडीतून ट्रॉम्बेकडे निघते.
मी पवईत, तिसऱ्या मजल्यावर, रात्री दीड वाजता
तिच्यामागे जाळं घेऊन धावते.

जाळं म्हणजे नुसते चौकोन.
पाणी निवांत, तिथे एकेक चौकोन अंगणाएवढा.
पाणी वळतं, तिथे एकाचे चार,
चाराचे सोळा, सोळाचे चौसष्ट,
इतके बारीक की जवळाही निसटू नये.
भोवरा पुढे गेला की मागचे पुन्हा मिटतात.
सगळीकडेच बारीक विणायला
संस्थेकडे तेवढी यंत्रं नाहीत
आणि निगुडकर सरांकडे तेवढा धीर.

पण अकरा दिवस झाले, पाणी गळतंय.
दर फेरीला वाटीभर.
मोठ्या चौकोनातून निघतं तेवढं
लहानांत पोचत नाही,
आणि भोवरा त्या सीमेवर येऊन
ठेच लागल्यासारखा विझतो.
सर म्हणाले, "वाटीभरच ना?"
खाडी अशीच आटते, सर.

रविवारी घरी गेले.
हरेश्वरकाका ओट्यावर डोल सांधत बसलेला.
तोंडाशी मूठ जाईल एवढे आस,
खोल्याशी करंगळीही अडेल.
विचारलं, मोठं संपून बारीक सुरू होतं
तिथे काय करतोस?
त्याने वर न बघता
दोन बारीक आस एका मोठ्यात घेतले, गाठ ओढली.
"एकबी लोंबता ठेवायचा नाय.
म्हावरं तिथूनच वाट काढतं."

सोमवारी
बारक्या चौकोनांतून निघालेलं पाणी थेंबाथेंबाने बेरजेला धरलं
आणि तीच बेरीज मोठ्याच्या खात्यावर मांडली.
गळती थांबली. भोवरा सीमा ओलांडून गेला,
उंबऱ्याला पाय न लागता.

सरांना कळवायचं राहिलं.
कारण मग मी काकाची जागा शोधली,
जिथे त्याचे खुंट रोवलेत, जिथे हल्ली
डोल पीळ पडून वर येते म्हणतो.
माझ्या पडद्यावर तिथे एकच ऐसपैस चौकोन.
तिथे काही घडत नाही, हे मीच ठरवलेलं,
एका आकड्याने, गेल्या दिवाळीत.
आकडा खाली आणला. यंत्र कुरकुरलं.
चौकोन फुटला. चार. सोळा.
तेराव्यात
काहीतरी फिरत होतं.