सतरा नंबरची पाटी

अठ्ठाविसाव्या दिवशी पिल्लं तोडली.
नऊ होती. लांब नेली नाहीत, पलीकडच्याच खोलीत,
पण मध्ये भिंत आली.
रात्रभर दोन्हीकडून ओरड.
संकेश्वर रस्त्याचे ट्रक ती मध्येच गिळायचे
आणि पुढं गेले की पुन्हा तीच.

पास्कूमामाचा नियम पाटीवर खडूने:
तोडल्या दिवशी खाणं बंद, पाणी निम्मं,
मग रोज एक किलो. दूध आटलं पाहिजे.
बारदेस्कर तीन पिढ्या असंच आटवत आले
आणि गोव्याची गाडी कधी रिकामी गेली नाही,
असं तो म्हणायचा.
रिकामी गेलेली मी पाहिली होती.

सतरा नंबरच्या पाठीवर अंगठा दाबला
तर थेट हाड.
महिनाभर ती स्वतःला पाजत आली होती.
वहीत मी लिहिलं, अंग: दोन.
रकाना तेवढाच होता.

कल्लव्वा हलकर्णीहून चालत यायची.
तिला वाचता येत नव्हतं, मी पाटी वाचून दाखवली.
"बाळंतिणीला उपाशी ठिवून दूध आटिवत्यात व्हय?
पिणारं न्हाई म्हटल्यावर
कुणासाठी ईल ते?"
मामाला सांग, म्हणालो.
कल्लव्वा सांगणाऱ्यातली नव्हती.

मागल्या खेपेची चौदा नंबर
एकवीस दिवस माजावर आली नाही.
नराला रोज तिच्यासमोरून फिरवला,
तो फेसाळून दमला,
ती भिंतीकडे तोंड करून पडलेली.
शेवटी गोव्याच्या गाडीत चढली,
चढताना मात्र पटकन चढली.

सतराच्या गव्हाणीला पहाटे
मक्याचा भरडा चिकटलेला दिसायचा, सोयापेंड,
आणि वर गुळाच्या पाण्याचा वास,
आडसाली उसाच्या गुऱ्हाळाशेजारून जाताना येतो तसा.
मी वास ओळखला.
वहीत घेतला नाही.

पाचव्या सकाळी तिचे कान उभे.
कल्लव्वाने पाठीवर दोन्ही तळवे रोवले,
सगळा भार टाकला.
दोनशे किलोचं जनावर
एका वाळक्या बाईखाली
हललं नाही.
"नर आण," ती म्हणाली, "बघत काय बसलास?"

भरवल्यावर दुसऱ्याच दिवशी
तिनंच खाणं उतरवलं.
आता का गं?
"आता आत दाणा रुजतोय.
रुजायच्या टायमाला कोण पाट फोडतंय का?"

तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस.
तेरा झाली. एक अंगाखाली गेलं,
बारा राहिली, बाराही आचळांना.
मामाने मोजली. चष्मा पुसून पुन्हा मोजली.
वही मागितली.
खाण्याच्या रकान्यात माझंच अक्षर:
शून्य, एक, एक, एक, एक.

बराच वेळ तो त्या आकड्यांपाशी उभा होता.
मग म्हणाला, "कोपऱ्यातली ढेप कुठं गेली?"
"मुंग्या लागल्या," मी म्हणालो.
"मुंग्या," तो म्हणाला.

जाताना त्याने बाहीनं पाटी पुसली.
नवं काही लिहिलं नाही.
खडूचा पांढरा हात तसाच पँटला पुसत गेला.

कल्लव्वा आत दुसरी पाटी भरत होती,
वेताची, काठ उसवलेली,
मापाचं भांडं बाजूला पालथं.
बावीस नंबरची पिल्लं आज तोडायची होती.