नऊशे मीटरवर कागद

सिला गावाच्या पुढे सबखा आहे,
मीठ बुटाखाली पापडासारखं मोडतं.
तिथे आमची पत्र्याची खोली. आत अठरा अंश,
बाहेर ऑगस्टची रात्र. चष्मा उंबऱ्यावरच आंधळा होतो.

नऊशे मीटरवर गुलफराज,
काळा कागद चौकटीत लावून
स्वतः वाळूच्या पोत्यांमागे.
वॉकीटॉकीवर आधी त्याचा खोकला येतो, मग शब्द.

मी पाठवते ते प्रकाशाचं घावन:
तळव्याएवढं रुंद,
जाडी केसाच्या दहाव्या हिश्शाची.
आईला फोनवर एवढंच सांगितलं होतं.
"मग उलथताना फाटत नाही का गं?"

फाटतं. म्हणून तर रांग लावावी लागते.
तांबड्यातही जो जास्त तांबडा तो पुढे पळतो,
कमी तांबडा हवेत रेंगाळतो.
तेव्हा रेंगाळणाऱ्याला आधी सोडायचं,
पळणाऱ्याला मागून.
कुठेतरी अंधारात ते एकमेकांना गाठतात

आणि हवा स्वतःच भिंग होते.
उजेडाला चिमटीत धरते, आवळते,
इतकं आवळते की रेणूंचे टाके उसवतात,
मग तीच उसवलेली हवा त्याला बाहेर ढकलते.
आवळ. ढकल. आवळ.
या भांडणातून एक दोरा निघतो, केसाएवढा,
आणि सेकंदाला दहा वेळा
हवा चुकचुकते, पालीसारखी.

शमाल काल वाहून गेला,
धूळ अजून खाली बसलेली नाही.
एक कण, दोऱ्याहून जाड, नेमका वाटेत.
इथे संपायला हवं.
पण भोवतीने जो फिका उजेड चालला होता,
ज्याच्याकडे मी वर्षभर धड पाहिलंही नाही
(आलेखात तो मी कापूनच टाकायचे),
तो आत सरकतो,
आणि कणाच्या पलीकडे
दोरा पुन्हा.

"आ गई, मॅडम."

पहाटे तो कागद आणून देतो:
पांढरा ठिपका, भोवती पुसट कडं,
मागे पेन्सिलीने अंतर आणि तारीख, उर्दूत.
एक जास्तीचा मागून घेतो.
मर्दानला मुलगी आहे, सातवीत,
तिला वाटतं बाप दिवे लावायच्या कामावर आहे.
खरं काय ते कसं सांगू, विचारतो.

मी चष्मा पुसत राहते.
मग आम्ही दोघं मिळून नऊशेचा खांब उपटतो,
मिठातून तो सहज निघत नाही,
आणि हजारावर नेऊन रोवतो.