विचार व्हावा

तोताराम अण्णांच्या ओसरीवर
सतरा वर्षं मी चिठ्ठ्या लिहिल्या.
अण्णांना सहीपुरतं येई.
एक वाकडा त, आणि खाली रेघ,
कासरा ताणल्यासारखी.
बाकी अक्षर माझं, यावलभर ओळखीचं.

सकाळी अण्णांसमोर कळण्याची भाकर
आणि भाकरीच्या पलीकडे उकिडवी माणसं.
अण्णा आधी विचारत, घरात मतं किती?
सुपडू वारके म्हणाला, नऊ.
एक आजारी आहे, पण खाटेसकट आणू.
सुपडू दिवाबत्तीत लागला.
त्याच साली गावात विजेचे खांब आले,
कंदील भंगारात गेले
आणि दिवाबत्तीवाले सहाचे अकरा झाले.
तिन्हीसांजेला ते खांबाखाली बसत,
आपोआप उजेड पडला
की हजेरी लावून घरी जात.

शब्द दोनच होते.
'तात्काळ घ्यावे' म्हणजे घ्या.
'विचार व्हावा' म्हणजे चहा पाजा आणि वाटेला लावा.
अण्णांना ठाऊक, मला ठाऊक,
हेडक्लार्क बोरोल्यांना ठाऊक.
नेणाऱ्याला फक्त सही दिसायची.
चिठ्ठी टोपीत खोचून
म्युनिसिपालटीचा जिना तो असा चढायचा
जसा नवरदेव मांडवात.

केवळबाई एकटी. मत एक.
शाळा नंबर तीनमध्ये
पोरांना पाणी पाजायची जागा तिला हवी होती.
अण्णा म्हणाले, लिही.
कोणतं, ते डोळ्यांनी सांगितलं.
मी लिहिलं.

दर बाजाराच्या दिवशी ती कचेरीत जाई,
चहा पिऊन परत येई.
पदराच्या गाठीत चिठ्ठी घामानं भिजली,
मग एकदा नदीवर धुण्यात.
तेव्हा माझ्या दारात आली.
"भाऊ, अण्णाची सही धड आहे.
वरचंच तेवढं गेलं.
तुह्याच हातचं व्हतं, फिरून काढून दे."

सही खरंच धड होती.
वरचा कागद कोरा, थोडा निळसर.
मी दौत उघडली
आणि दुसरा शब्द लिहिला.
सतरा वर्षांत मी नेमलेलं
एवढं एकच माणूस.

बोरोल्यांनी चिठ्ठी उजेडाला धरली,
बराच वेळ धरली,
आणि काही न बोलता मस्टरात नाव चढवलं.
पहिल्या पगाराला केवळबाईनं बोरं आणली, मेहरूणची.
मी खाल्ली. गोड होती.

मग अण्णा पडले.
लोटू पाटलांचा गुलाल तीन दिवस गटारींतून वाहत होता.
पहिल्याच मिटिंगला फाइल निघाली,
टाचणीला टाचलेल्या सगळ्या चिठ्ठ्या.
कोणत्या शब्दाचा अर्थ काय
ते बोरोल्यांनीच समजावून दिलं.
त्यांच्या पेन्शनीला अकरा महिने राहिले होते.
ठराव झाला:
तात्काळवाले बाहेर,
विचारवाले, अन्याय झालेले म्हणून, आत.

सुपडू गेला नाही.
सोमवारीच तो लोटू पाटलांच्या ओट्यावर होता.
त्याच्या घरची मतं आता दहा झाली होती.

मलाही निरोप आला,
अक्षर चांगलं आहे तुमचं, येऊन जा.

त्याच संध्याकाळी केवळबाई आली.
रडली नाही, अण्णांना शिव्या दिल्या नाहीत.
उंबऱ्याशी बसून म्हणाली,
"भाऊ, मले वाचता येत नाही.
पहिल्या चिठ्ठीत काय व्हतं?"

मी म्हणालो, तेच होतं.

"मंग बरोबर," ती म्हणाली.
पाणी मागितलं.
मी तांब्या दिला.
वरून धार धरून प्यायली,
उरलेलं तुळशीला घातलं,
तांब्या विसळून पालथा ठेवला
आणि सवयीनं
मागे कुणी पोर रांगेत उभं आहे का
ते पाहिलं.