अर्धा किलो

हारिकाचं पिस्तूल साडेआठ हजारांचं.
क्लबातल्या बाकीच्यांची लाखाच्या पुढची,
जर्मनीची, इटलीची, मखमली पेटीत झोपलेली.
आमचं टॉवेलात.
टॉवेल मात्र एक्स्पोर्टचा,
कडेला विणीत चूक निघाली म्हणून घरी आलेला.

ती म्हणते, पप्पा, ट्रिगर खरखरतो.
आधी येतच नाही. मग येतो, मग मध्येच अडतो,
मी कंटाळते, आणि नेमका तेव्हा सुटतो.
छर्रा सहाच्या रिंगणात.

मी जॉबर. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
एकतीस वर्षं मागांची दुखणी काढली.
धोटा का उडतो, कुठला माग उद्या रुसणार,
मला तळहातानं कळतं.
बंदूक आयुष्यात एकदाच धरली,
गड्ड्याच्या जत्रेत, फुग्यांच्या स्टॉलवर.
नळी वाकडी. लालवर नेम धरला की शेजारचा पिवळा फुटायचा.
हारिका तेव्हा सात वर्षांची.
तीन छर्ऱ्यांत तिनं ते ओळखलं,
चौथ्यापासून मुद्दाम चुकीचा नेम धरून
ओळीनं नऊ फुगे फोडले.
स्टॉलवाल्यानं पैसे परत केले, म्हणाला,
पोरीला घेऊन जा, मालक.

रात्री लाइट येऊन-जाऊन एकदाची टिकली.
आत छर्रा नाही ना, दोनदा बघितलं,
हारिकानं तिसऱ्यांदा बघितलं.
चार स्क्रू.
आत एवढंच: एक आकडा, एक खाच, एक स्प्रिंग.
खाचेवर कारखान्याचे ओरखडे तसेच,
स्वस्तात कोण पुसून देतो?

आरशाच्या तुकड्यावर दोन हजार नंबरचा पेपर,
तेलाचा एक थेंब.
घासायचं नाही. नुसतं फिरवायचं,
कोन बदलला की खेळ संपला.
स्प्रिंग पेनातली लावली, ती लुळी.
मग डब्यातली एक मागाची जुनी निघाली,
दीड वेटोळं कापून बसवली.

नियम असा: नळी आकाशाकडे,
ट्रिगरला अर्धा किलो टांगायचं,
आणि सुटता कामा नये.
वजन कुठून आणू? शेंगा चटणीचं पाकीट होतं,
ताण्याच्या दोऱ्यानं बांधलं.
सकाळी तीन पाकिटं लटकवूनही ढिम्म होता,
आता एकाच पाकिटाला ठक्क.
हलकं झालं! मी खूश.
टेबलावर ठेवलं, जरा आपटलंच असेल,
ठक्क. आपोआप.
रिकामंच होतं, तरी तिघांचाही श्वास अडकला.

मला जे आठवलं ते मी बोललो नाही.
मॅनेजर नुसता म्हणाला होता, हिशेब उद्या बघू,
आणि माझा हात सुटलेला.
चार महिने घरी. चूल विड्यांवर.

भाग्या सूप मांडीवरून उतरवून आली.
दिवसाला आठशे विड्या वळते,
काडतूस आणि खिळा तिला सारखाच.
बोट लावलं. ठक्क.
नाही, म्हणाली. दोरा ओढताना पान फाटलं तर विडी गेली,
ओढलाच नाही तरी गेली.
मध्ये एक जागा असते, तिथं थोडं थांबता आलं पाहिजे.
मग माझ्याकडे बघून तेलुगूत, मेल्लगा. हळू.
ट्रिगरला म्हणाली की मला, विचारलं नाही.

स्क्रू पाव फेरा मागे. पुन्हा पाव.
आकडा खाचेत कणभर खोल.
पाकीट टांगलं. धरलं.
वर पाच रुपयांची दोन नाणी चिकटवली,
तेव्हा कुठे सोडलं.
रात्रीचे अडीच.

दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या रेंजमध्ये चव्वेचाळीस डिग्री.
मी बाहेर, लिंबाखाली,
आवाज मोजत बसलो. साठ.
ती घामानं निथळत आली.
काय गं, कसा आहे?
कळलंच नाही, पप्पा, कधी सुटला ते.
मी गप्प. मग तीच म्हणाली,
अहो, तसाच पाहिजे असतो.

किती पॉइंट झाले, विचारायचं राहिलं.
घरी ते पाकीट फोडलं, कडक भाकरीवर चटणी.
दोरा अजून त्याला तसाच,
भाग्यानं तो सोडला नाही.
लागेल, म्हणाली.