उजवी बाजू

नेव्हिलच्या उजव्या कानापुढे, कल्ल्याच्या कडेला
तांदळाच्या दाण्याएवढी खपली होती.
दाढी करताना रक्त यायचं.
तो म्हणायचा, ब्लेड बोथट झालंय.
दोन वर्षं तो ब्लेडच बदलत राहिला.

ब्रिस्बेनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
वर दिसतंय ते थोडंच.
खाली कुठवर गेलंय, ते कापत कापत बघायचं.
मला आमच्या परसातली हरळी आठवली:
उपटली असं वाटतं,
आणि ती कुंपणापलीकडे डोकं काढते.

एक पापुद्रा कापला.
कडांना निळी-लाल शाई लावून
बर्फात गोठवून काचेखाली नेला.
आम्ही बाहेर.
तिथे सगळेच अर्धे पट्टीत:
नाक झाकलेला बंडाबर्गचा ऊसवाला,
ओठ झाकलेली एक बाई, बिस्किट चहात बुडवून
तोंडाच्या कोपऱ्यातून खाणारी.
कुणी कुणाला काही विचारत नव्हतं.
नर्स दारात आली की सगळे एकदम
आपापल्या चपलांकडे बघायचे.

नेव्हिलचं नाव दोनदा आलं.
दुसऱ्यांदा उठताना तो माझ्याकडे बघून हसला,
म्हणजे उरलेल्या अर्ध्या चेहऱ्याने.

तिसऱ्या वेळी बाईंनी नकाशा दाखवला:
त्याच्या गालाचा, पेन्सिलीने काढलेला,
लाल रेघ जिथे संपली तिथे एक फुली.
तीस वर्षं टपालाचा ट्रक हाकलेला माणूस
चष्मा शोधून तो कागद वाचत बसला.
मग म्हणाला,
हा तर रोमाचा रस्ता.
पश्चिमेकडे जाताना दुपारभर
ऊन उजव्या खिडकीतून यायचं.
काच खाली असायची. मला वारा आवडतो.

बाई म्हणाल्या, कडा साफ आहेत. आता टाके.

दुसऱ्या दिवशी गाडी मी चालवली.
लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली,
पण तो माझ्या डाव्या हाताला बसलेला
मी पहिल्यांदाच पाहत होते.
मी चुकीच्या गिअरमध्ये आहे, असं त्याने चारदा सांगितलं.
डॅल्बी मागे पडलं. ऊन कललं,
माझ्या कोपरावर, मग दंडावर, मग गालावर आलं.

तो बोलायचा थांबला.
डोक्यावरची हॅट काढली
(टोपी घाला म्हणून मी घसा फोडला होता
त्या सगळ्या वर्षांत कधी घातली नव्हती,
कालच दवाखान्यासमोर विकत घेतलेली),
पट्टा सोडवून माझ्यावरून पलीकडे वाकला
आणि हॅट माझ्या खिडकीच्या काचेत अडकवली.

मला आरशातलं काहीच दिसेना.
तसंच चालव, म्हणाला.
मागून येतंय कोण इथे?