उतारा

परंड्याहून तौफिक आला, मोटरसायकल लिंबाखाली लावली,
आणि कोटेशनचा कागद धरून भट्टीच्या धगीत उभा राहिला.
म्हटलं, वाच. माझे हात कढईत आहेत.

डोमेन आठशे नव्याण्णव.
होस्टिंग वर्षाला छत्तीसशे.
डिझाइन, पाच पानांचं, अठरा हजार.
फोटो पाच हजार, मजकूर पानामागं सहाशे,
ऑनलाइन पैसे घ्यायची सोय साडेचार हजार,
देखभाल सहा.
बेरीज त्यानं वाचलीच नाही, लाजला.
मी केली, उलथणं न थांबवता:
चाळीस हजार नऊशे नव्याण्णव.

सरपण, दूधवाल्यांचा हिशोब, दिगंबरची मजुरी जाऊन
किलोमागं मला वीस रुपये सुटतात.
म्हणजे दोन हजार पन्नास किलो खवा.
म्हणजे सव्वादहा हजार लिटर दूध
या एका कढईत आटायचं
तेव्हा कुठं ती साइट दिसणार.
वर एक रुपया उरतो.
त्यात काडीपेटीसुद्धा येत नाही आता.

पण पुण्याचा शेठ
माझा खवा दोनशे तीसनं उचलतो
आणि तिकडं चारशेच्या पाटीखाली मांडतो,
भूमचा अस्सल.
भूम आहे त्या पाटीवर. मी नाही.
म्हणून तर बोलावलं होतं लेकराला.

मग आम्ही कागद आटवायला घेतला.
फोटो कशाला पाच हजारांचे?
पहाटे सहाला पत्र्याच्या फटीतून उजेड येतो,
वाफेवर पडतो, तेव्हा तुझ्याच मोबाइलवर काढ.
पाच पानं कशाला? एक कर, सात हजारांत.
पैशांसाठी भिंतीवर स्टिकर आहे,
गिऱ्हाइकाला तोच पाठवते.
देखभाल बिघडल्यावर बघू,
मोटरची कुठं रोज करतो?
मजकूर मी लिहिते. फुकट.

अकरा हजार चारशे नव्याण्णव.
साडेतीनाला एक!
म्हशीच्या दुधालासुद्धा असा उतारा पडत नाही.
तौफिक म्हणाला, काकू, यापुढं करपेल.
खरं होतं. थांबले.

मग मीच विचारलं,
ही भाकड राहते का रे?
तो हसला. मग हसू आवरून म्हणाला,
पहिले सहा महिने तरी दूध धरू नका.
आणि वैरण?
वैरण दरसाल. दुसऱ्या वर्षी थोडी महाग.
त्याचं हे मला आवडलं.
म्हैस विकणारा असं कधी सांगत नाही.

दुपारी मजकुराला बसले.
वर लिहिलं, आमच्याविषयी.
आमच्या म्हणजे कुणाच्या, इथंच अर्धा तास गेला.
दिगंबरचं नाव लिहिलं. मग बाभळीचं लाकूड लिहिलं,
ते खोडलं, कुणी वनखात्याचा वाचायचा.
शेवटी राहिलं ते एवढंच:

भट्टी पहाटे चारला पेटते.
मैदा घालत नाही.
गाडी चुकली तर खवा दुसऱ्या दिवशी ताजा करून पाठवते.
फोन मी स्वतः उचलते. सोजर गाढवे.

वहीच्या कोपऱ्यात तुपाचा डाग पडला.
तो साइटवर येणार नाही म्हणाला तौफिक,
त्याचे वेगळे पैसे पडतील. गंमतीनं.

राहिलं नाव.
गावाचं मागितलं, तर कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं,
दुकान नाही, काही नाही,
मोकळ्या प्लॉटला तारेचं कुंपण घालावं तसं.
म्हणाला, तुमचंच टाकू का?
माझं नाव तर दुधाच्या डेअरीच्या वहीतही
नवऱ्याच्या नावाखाली लहान अक्षरात आहे.
टाक म्हटलं.

इंग्रजीत सोजर कसं लिहू, काकू?
जे टाकू की झेड?
जे स्वस्त असेल ते.
दोन्हीचा भाव एकच आहे.

मग जे.
आणि जरा बाजूला सर,
दुसरी कढई वर आली बघ.