तातडीने

"महोदय," असं लिहून
मी एकतीस वर्षं सुरुवात करतोय.
आधी पोस्टकार्डावर. आता नातू फोटो काढून पाठवतो,
मायना उडवतो मेला, तरी छापतात.

पाणी पाचव्या दिवशी येतं, तेही रात्री अडीचला : सहा पत्रं.
मिरवणुकीतल्या डॉल्बीवर अकरा.
(देव आपला असला तरी कान आपलेच आहेत,
हे वाक्य त्यांनी कापलं.)
संसदेत बाकावर चढणाऱ्यांना
वेळेवर मास्तर भेटला नाही, असं माझं मत.
लग्नाआधी एका छताखाली राहणाऱ्यांवर एकच लिहिलं,
ते आलं नाही.
आणि मथळ्यात "आशिर्वाद" छापतात, ऱ्हस्व,
त्यावर मी लिहायचं थांबवलेलं नाही.

"साकु, बिडरी," बायको म्हणते,
पुरे करा आता, पेपर वाळत घालू का?
ती गंमत करते. मी कात्रण काढतो.

मी जुन्या वळणाचा आहे. लपवत नाही.
चाटी गल्लीत चाळीस वर्षं दिवाणजी होतो,
आण्याचा फरक लागला तर दिवा लावून बसायचो.
नियम म्हणजे नियम.
तेव्हा फुटपाथवर पत्र लिहिलं, चालणाऱ्यांच्या बाजूने :
"लोखंडी टपऱ्या तातडीने हटवाव्यात."
शि. बा. हलकुडे, शुक्रवार पेठ.

छापून आलं तेव्हा मी अक्कलकोटला,
भाचीच्या मुलाच्या बारशाला.
चार दिवसांनी सकाळी सहाला कोपऱ्यावर गेलो
तर फुटपाथ मोकळा.
इतका मोकळा की मला कुठं थांबायचं कळेना.
फरशीवर गंजाचा एक चौकोन,
चार विटा, आणि सुतळीचा तुकडा,
गठ्ठे सोडायचा असतो तसला.

लिंबाद्री तिथं पेपर विकायचा.

माझ्या पत्रानं झालं असं मी म्हणत नाही.
महापालिका पत्रं वाचत नाही,
हेही माझंच एक पत्र आहे.

पण सव्वीस दिवसांचं बिल राहिलं होतं.
उधारी अंगावर ठेवून मला जेवण जात नाही,
म्हणून रिक्षा केली, विडी घरकुलला,
विचारत विचारत. येलदी चार निघाले,
पेपरवाला एकच.
उंबऱ्यात त्याची बायको मांडीवर सूप घेऊन
विड्या वळत होती, मान वर न करता आत ओरडली तेलुगूत.
तो आला बनियनवर. "काका? इकडं कसं काय ओ?"

मी पैसे मोजले. त्यानं मोजले नाहीत.
मग आत गेला,
टपरीतून वाचलेल्या पत्र्याच्या पेटीतून
दोन अंक काढून आणले, घडी न मोडलेले.
"तुमचं आलं की दोन बाजूला काढतो मी.
एक कात्रणाला, एक वहिनींना.
सवय लागली ओ."

वाचलं होतंस का, असं मी विचारलं नाही.
त्यानंही सांगितलं नाही.
चहा आला. साखर जास्त होती.
मी बशीत ओतून पूर्ण प्यायलो.

आता टेबलावर पान चार उघडं आहे.
फुटपाथबद्दलचं मत मी बदललेलं नाही.
म्हातारी माणसं रस्त्यावरून चालतात, ट्रक येतात,
ते खरंच आहे.
कात्री बाजूला ठेवून लाल पेन घेतला,
सवयीनं वेलांट्या तपासल्या. सगळ्या बरोबर.
एकही चूक नाही छापणाऱ्याची.
एका शब्दाखाली मात्र रेघ ओढली,
आणि समासात काय लिहावं
ते सुचेपर्यंत बायकोनं दिवा लावला.

"महोदय,"
एवढंच झालंय.
नातू दोनदा विचारून गेला, पाठवू का.